फेटे बांधून घर चालतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

चालतं. दर लग्नात कुणी ना कुणी हे विचारतं आणि मी हसून वेळ मारून नेते. आज नीट सांगते. तुळशीच्या लग्नापासून आषाढ लागेपर्यंत हाताला उसंत नसते. मध्ये शिवजयंती असते, पाडव्याच्या शोभायात्रा असतात. चातुर्मासात मात्र गणपती सोडले तर काही नाही, त्याची तजवीज आधीच करून ठेवावी लागते. २०२० साली पाडवा आणि लॉकडाऊन एकाच दिवशी आले, २५ मार्चला. इस्त्री केलेले फेटे गाठोड्यातच राहिले. त्या वर्षी घर माझ्या भावानं चालवलं, हेही खरं.

मग पुढचा प्रश्न येतो, ‘नुसतं कापड गुंडाळायचे एवढे पैसे?’ गुंडाळून बघा. आठ-नऊ मीटर कापड असतं. एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं लांबीभर चुण्या घालत यायचं. तुऱ्यापुरतं टोक मोकळं सोडायचं. प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा बोटभर सरकवून तिरका घ्यायचा, शेवटाला पाठीवर शेमला सोडायचा. केसांना तेल असेल तर कापड घसरतं. सैल राहिला तर वरातीत सुटतो, जास्त आवळला तर अक्षता पडायच्या आत माणसाचं डोकं ठणकायला लागतं. नायजेरियात योरुबा बायका लग्नाकार्यात डोक्याला ‘गेले’ नावाचं कापड बांधतात. तिथं ते बांधून देणं हा रीतसर व्यवसाय आहे. ‘सेगुन गेले’ या नावानं काम करणारा त्यांचाच एक माणूस त्या हातांच्या जोरावर अमेरिकेत नावाजला गेला. त्याचे व्हिडिओ लावले की मी त्याची बोटंच बघत बसते.

पण तुमचा खरा प्रश्न वेगळाच असतो आणि तो आवाज खाली आणून विचारला जातो. ‘नवरदेवाच्या डोक्याला हात लावू देतात तुम्हाला?’

एकदा नाही लावू दिला. लग्न शिरोळ तालुक्यातलं. याच तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, पाठोपाठ राज्य सरकारनं परिपत्रक काढलं. हे लग्न त्यानंतरच्याच हंगामातलं. सगळ्या वऱ्हाडाचे फेटे माझ्या हातचे झाले होते, शेवटी नवरदेव खुर्चीत बसला. दोन वेढे झाले असतील. शेजारी उभ्या त्याच्या आत्यानं सहज विचारलं, ‘मालक काय करतात?’ मी होतं ते सांगितलं. आत्या मामांना घेऊन बाजूला गेली. मामा परत आले ते खाली बघतच. ‘ताई, राग मानू नका. एवढा एक फेटा दुसऱ्या कुणाकडून बांधून घेतो.’

‘असू दे की मामा,’ नवरदेव म्हणाला. एकदाच म्हणाला.

तिसरा वेढा माझ्या हातात ताणलेला होता. सोडला की सगळं उलगडणार, म्हणून मला हात काढता येईना. एका पोरानं ते टोक माझ्याकडून घेतलं, पण त्याला बांधता येत नव्हतं. तिकडे मुहूर्त जवळ आला. शेवटी करवल्याच्या डोक्यावरचा फेटा अलगद उचलला आणि तोच नवरदेवाला घातला. थोडा मोठा होत होता, म्हणून आत रुमाल दुमडून ठेवला. तो फेटा मीच बांधलेला होता. आत्याला ते माहीत होतं, मामांनाही माहीत होतं.

पैसे पूर्ण दिले. जेवून जा म्हणाले, मी जेवले नाही.

तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की धंदा आहे, धंद्यात भांडून चालत नाही. आता तारीख घेतानाच फोनवर सांगते की मी विधवा आहे आणि नवरदेवाचा फेटा मीच बांधणार. जाऊबाई म्हणतात, असं आधी सांगणं म्हणजे त्यांचा नियम तूच मान्य करणं. टिकली लावतेसच ना? मग गप बांधून ये. त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण टिकली मला आवडते म्हणून लावते, लपायला नाही.

सांगितल्यावर काही जण ‘कळवतो’ म्हणतात आणि कळवत नाहीत. नवरदेवाच्या आईनं स्वतः फोन करून ‘तुम्हीच या’ म्हटल्याचंही घडलं आहे, पण गेलेल्या तारखा त्यानं भरून निघत नाहीत. सांगणं थांबवावं का, हे अजून ठरत नाही. ‘नवरदेव सोडून बाकीच्यांचे बांधा’ म्हणणाऱ्यांकडे मात्र मी जात नाही, ऐन हंगामातली तारीख असली तरी.