कार्डबस वाय-फाय: तेराव्या चॅनलचा तिढा

मामांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये घातलेल्या वाय-फाय कार्डाला आमचं नेटवर्क कधी दिसायचं, कधी गायब व्हायचं. त्याचं कारण काल रात्री साडेअकराला सापडलं. कार्ड धडधाकट आहे, स्लॉट धडधाकट आहे, ड्रायव्हरही. वाय-फायच्या पट्ट्यात क्रमांक दिलेल्या जागा असतात, त्यांना चॅनल म्हणतात. आमचा राऊटर अधूनमधून तेराव्या चॅनलवर जाऊन बसत होता आणि या कार्डाला अकराच्या पुढचं काही ऐकूच येत नाही. तीन आठवडे मी भलतीकडेच शोधत होते. जुन्या कार्डावर ज्यांचं नेटवर्क "कधी दिसतं, कधी गायब" असं चाललंय, त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहितेय.

मशीन म्हणजे मामांचा २००० सालचा लॅपटॉप. पेंटियम थ्री, ३२० एमबी रॅम, डाव्या बाजूला दोन पीसी कार्ड स्लॉट (बाहेरून कार्ड सरकवायच्या खाचा), एकच यूएसबी आणि तीही जुनी, संथ १.१. त्यावर डेबियन १२ हे लिनक्स आहे आणि तेच राहणार, कारण डेबियन १३ पासून ३२-बिट मशीनवर नव्याने इन्स्टॉल करायची सोय उरलेली नाही. याहून जुन्या पिढीतल्या सोळा-बिटी कार्डाचा नाद मी आधीच सोडला. ११ एमबीपीएसचा वेग मला चालला असता, पण त्या कार्डाची मजल डब्ल्यूईपीपर्यंतच, म्हणजे वाय-फायच्या जुन्या, सहज फुटणाऱ्या कुलपापर्यंतच होती. एका लॅपटॉपसाठी घरातल्या सगळ्यांचं नेटवर्क तसल्या कुलपावर सोडणं मला पटत नाही. शिवाय लिनक्सच्या नव्या कर्नलमधून (गाभ्यातून) त्या पिढीतल्या बऱ्याच कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकलेत.

आताचं कार्ड भाच्याने बंगळूरला एस. पी. रोडवर तीन दुकानं फिरून आणलं. फोनवर मी त्याला एकच खूण सांगितली होती: कार्डाच्या तोंडाशी सोनेरी पट्टी हवी आणि तिच्यावर छोटे आठ उंचवटे हवेत. ती पट्टी असली की कार्डबस, म्हणजे ३२-बिट आणि ३.३ व्होल्ट. दुसरी गोष्ट म्हणजे मॉडेल नंबरावर विसंबायचं नाही. त्या काळात एकाच नावाच्या कार्डात आवृत्तीगणिक वेगळी चिप घातलेली असायची, आणि वापरलेला माल विकणारे फोटोत नेमकी मागची बाजू दाखवत नाहीत. मागचा एफसीसी आयडी (अमेरिकी नियामकाकडचा नोंदणी क्रमांक) मागून घ्या, त्यावरून आतली चिप शोधता येते. माझ्या कार्डात अथेरॉसची ५२१२ निघाली. मला हीच हवी होती, कारण तिला वेगळी फर्मवेअर फाईल (चिपमध्ये चढवायचा प्रोग्राम) लागत नाही आणि एईएसचं कूटलेखन चिप स्वतः करते, बिचाऱ्या पेंटियम थ्रीवर तो बोजा येत नाही.

पहिल्या रात्रीचं सांगायलाच हवं. कार्ड आत सरकवलं, "स्लॉट ० मध्ये कार्डबस कार्ड घातलं" अशी ओळ कर्नलने छापली, एटीएच५के मॉड्यूल, म्हणजे या चिपचा ड्रायव्हर, आपणहून चढलं आणि कार्डाच्या टोकाचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. डब्ल्यूपीए२ चा पासवर्ड दिला, पत्ता मिळाला. घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फाईल ओढून पाहिली तर सेकंदाला दोन एमबीच्या आसपास, म्हणजे साधारण सोळा एमबीपीएस. कागदावरच्या ५४ एमबीपीएसमधून प्रत्यक्षात साधारण वीसच मिळतात, तेव्हा हे अगदी बरोबर होतं. इतकी वर्षं हा लॅपटॉप हॉलमधल्या वायरीला बांधलेला होता. त्या रात्री तो मी माजघरात नेला, पाटावर ठेवला आणि पावसाचा आवाज ऐकत तासभर लिहीत बसले. या कीबोर्डासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. इतकी खोल आणि मऊ बटणं नव्या लॅपटॉपला येत नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी लाईट गेली, अर्ध्या तासाने आली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच संपलेली आहे, त्यामुळे तो बंद पडून पुन्हा सुरू झाला. यादीत शेजाऱ्यांची तीन नेटवर्कं दिसत होती. आमचं नाही. राऊटर त्याच भिंतीच्या पलीकडे, सहा फुटांवर, आणि फोनला ते नेटवर्क पूर्ण रेघांनिशी दिसतंय. दुसऱ्या दिवशी दुपारी परत लाईट गेली, आली, आणि आमचं नेटवर्क हजर, उणे ४८ डीबीएमचा ठणठणीत सिग्नल घेऊन (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार).

त्या दिवसापासून मी वही घातली. वेळ, नेटवर्क दिसतं की नाही, सिग्नल किती, कार्ड गरम की गार.

पहिला संशय मागांवर गेला. आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो. डावीकडच्या घरात चार यंत्रमाग आहेत आणि सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत भिंत थरथरत असते. लाईट गेली की माग थांबतात, आली की सुरू होतात. मोटारींच्या ठिणग्यांनी गोंधळ होत असेल असं वाटणं स्वाभाविक होतं. शेजारच्या काकांना पाच मिनिटं माग थांबवाल का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "अक्का, मधीच थांबवलं तर धागा तुटतोय बघा. जेवायला बसताव तवा बघा की." दुपारी दीडला ते जेवायला बसले, मी पलीकडे लॅपटॉप घेऊन. चारही माग चालू असताना उणे ४९, बंद असताना उणे ४८. चार दिवस रोज दीडला हेच केलं. मागांच्या मोटारींचा उपद्रव रेडिओला होतो, तो खालच्या पट्ट्यात. २.४ गिगाहर्ट्झला त्याचं काही वाटत नाही. काकांनी पाचव्या दिवशी स्वतःहून विचारलं, "सापडलं काय हो?"

दुसरा संशय स्लॉटवर, आणि यात दोन आठवडे गेले. आषाढातला बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, कपाटातल्या पुस्तकांनासुद्धा ओल चढते. मला वाटलं पिनांवर गंज बसला असेल आणि लॅपटॉप गार पडून सुरू झाला की संपर्क नीट होत नसेल. शहापुरातल्या ओळखीच्या सोनारांकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं आणि स्लॉटातल्या ६८ पिना एकेक करून पाहिल्या. एकही वाकलेली नव्हती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढल्या. (कॉन्टॅक्ट क्लीनरचे फवारे या कामाला घेऊ नका. स्वस्तातले फवारे तेलकट थर सोडतात आणि त्यावर धूळ बसते. औषधाच्या दुकानातलं अल्कोहोल आणि कापडाची चिंधी पुरते.) वरच्या स्लॉटातून खालच्या स्लॉटात कार्ड हलवलं. मॉड्यूल उतरवून परत चढवलं. आपल्याकडच्या एका दुरुस्तीवाल्यांकडे कार्ड दाखवायला नेलं, त्यांनी ते हातात न घेताच "आगल्ल री, हळेदु," म्हणून परत केलं. जुनं आहे म्हणजे होणार नाही, हे कारण मला कधीच पटलेलं नाही. जुन्या वस्तूला दोष असेल तर त्याला जागा असते, आणि ती शोधता येते.

वाट सापडली ती कालनिर्णयवर. आमचे बाबा त्यावर नळाला पाणी कधी आलं आणि लाईट कधी गेली ते लिहून ठेवतात, कारण मोटार लावायची वेळ त्यावरून ठरते. काल वही आणि कालनिर्णय शेजारी ठेवून बसले. लाईट न जाता नेटवर्क गायब झालं किंवा परत आलं असं एकदाही घडलेलं नव्हतं. पण लाईट गेली की दर वेळी बिघडायचं असंही नाही, कधी बिघडायचं, कधी सुधारायचं, कधी आहे तसंच राहायचं. म्हणजे लाईटीबरोबर असं काहीतरी बदलत होतं जे दर वेळी नव्याने ठरतं. माग बंद-चालू होतात, ते तपासलं. लॅपटॉप बंद-चालू होतो, तेही तपासलं. आणि तिसरा राऊटर, त्याच्याकडे मी बघितलंच नव्हतं, कारण फोन त्याला बिनतक्रार जोडलेला होता.

रात्री माग बंद झाल्यावर लॅपटॉप इन्व्हर्टरच्या पॉइंटला लावला, म्हणजे तो चालूच राहील. मग फक्त राऊटरचं बटण दहा वेळा बंद-चालू केलं. दर वेळी फोनवरच्या वाय-फाय अॅनालायझरमध्ये चॅनल पाहून वहीत लिहिला. दहापैकी तीनदा १३ आणि एकदा १२. नेमक्या त्या चारही वेळा लॅपटॉपला आमचं नेटवर्क दिसलं नाही, उरलेल्या सहाही वेळा दिसलं.

राऊटर "ऑटो"वर आहे. गल्लीत १, ६ आणि ११ वर गर्दी आहे, तेव्हा तो रिकामी जागा बघून वर जातो. त्याचं चुकत नाही. आपल्याकडे २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या जानेवारीत परवानामुक्त झाला, त्यात तेरावा चॅनल, म्हणजे २४७२ मेगाहर्ट्झ, आरामात बसतो. अमेरिकेत मात्र अकरापर्यंतच वापरतात. आणि माझं कार्ड कुठलं, तर कर्नलच्या नोंदीत पहिल्या रात्रीच लिहून आलं होतं: ईप्रॉममधला (कार्डावरच्या कायमच्या स्मृतीतला) रेगडोमेन, म्हणजे कुठल्या देशाचे रेडिओ-नियम पाळायचे तो आकडा, शून्य, देश यूएस. ईप्रॉममध्ये देश लिहिलेला नसेल तर हा ड्रायव्हर अमेरिका धरून चालतो. ती ओळ माझ्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. कार्डाला काय काय जमतं ते दाखवणारी "आयडब्ल्यू लिस्ट" ही आज्ञा मारल्यावर २४६७ आणि २४७२ च्या पुढे "डिसेबल्ड" असं स्वच्छ दिसतं.

त्याच आयडब्ल्यूने देश भारत सांगून पाहिला. उपयोग नाही. या ड्रायव्हरमध्ये कार्डाने घातलेली बंधनं आपण आणखी आवळू शकतो, सैल करू शकत नाही.

सध्यापुरता उपाय सोपा आहे. इंटरनेटवाल्यांकडून राऊटरचा पासवर्ड घेतला, चॅनल ६ पक्का केला, रुंदी २० मेगाहर्ट्झ. त्यानंतर लाईट दोनदा जाऊन आली, नेटवर्क जागच्या जागी आहे. शेजारच्या काकांना जाऊन सांगितलं, त्यांनाही बरं वाटलं.

पण मला हे पुरेसं वाटत नाही. गणपतीला मी हा लॅपटॉप घेऊन खानापूरला मामांकडे जाणार आहे. त्यांनाच तो त्यांच्या ओसरीवर बिनवायरीचा चाललेला दाखवायचाय. तिथला राऊटर कुठल्या चॅनलवर असेल कोण जाणे, आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन सेटिंग बदलणं बरं नव्हे. म्हणून ड्रायव्हरमध्येच दुरुस्ती करायचं ठरवलंय. शून्य रेगडोमेनला ज्या जागी अमेरिका धरलेली आहे तिथे भारत लिहायचं आणि ते मॉड्यूल नव्याने कंपाईल करायचं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर, कारण पेंटियम थ्रीवर ते रात्रभर चालेल. इथे जे चॅनल परवानगीचे आहेत तेवढेच उघडतील, प्रक्षेपणाची ताकद मी वाढवणार नाही. दर कर्नल अपडेटला हे पुन्हा करावं लागेल, ते करेन.

हे लिहीत असतानाच आणखी एक सुचलं. कार्डबसमध्ये यूएसबी २.० चं कार्ड आणि त्याला नवा डोंगल, असं एकाने मागे सुचवलं होतं. ते मला नको, दोन इंच लोंबणारं काहीतरी ओसरीवर पोरांच्या हाती लागून तुटायचं. पण या लॅपटॉपच्या पोटात ५६के मोडेम आहे आणि तो मिनी पीसीआयवर (लॅपटॉपच्या आतल्या छोट्या कार्डांच्या स्लॉटवर) असावा. तिथे अथेरॉसचंच मिनी पीसीआय कार्ड बसवलं तर ड्रायव्हर हाच, म्हणजे मॉड्यूलवरची मेहनत वाया जात नाही, आणि बाहेर काहीच डोकावत नाही. काही कंपन्यांचे बायोस (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) अनोळखी कार्ड असेल तर सुरूच होत नाहीत, तेवढं आधी बघावं लागेल. कोणाकडे या पिढीतलं मशीन असेल तर तुमच्या बायोसने काय केलं ते कळवा.

राहवलं नाही म्हणून लिहिणं थांबवून आत्ता खालचं झाकण उघडलं. दोन स्क्रू काढले, मोडेम अलगद निघाला, खाली १२४ पिनांचा मिनी पीसीआय स्लॉट आहे, अगदी कोरा. अँटेनाच्या वायरी मात्र कारखान्यातून घातलेल्याच नाहीत. त्या स्क्रीनमागे नेण्याइतकी जागा बिजागरीत आहे का, ते उद्या सकाळी उजेडात बघते.