मृगबागेशी कांदेबाग तोलायची नसते

रावेर-यावलकडच्या कुठल्याही केळीवाल्याला डिसेंबरात दोन बागा दाखवा, एक जूनमध्ये लावलेली मृगबाग आणि एक ऑक्टोबरची कांदेबाग. उंच झाडं बघून तो "ही बाग भारी" असं कधी म्हणणार नाही. आधी लावणी कधीची ते विचारेल. फुटबॉलसाठी पोरांची निवड करताना मात्र "जन्म कधीचा?" हा साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. इथे अमेरिकेत राहून गेलाय, आपल्याकडे तर राहूनच जातो. आज हे लिहायला बसायचं कारण म्हणजे इथला बदललेला एक नियम.

इथल्या मुलांच्या फुटबॉलचे वयोगट २०१७ पासून जन्मवर्षावर ठरत होते, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. २०२६-२७ च्या हंगामापासून प्रमुख संघटना १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा गट धरताहेत, म्हणजे शाळेच्या वर्गाशी जुळेल असा. कारण व्यवहाराचं आहे. एकाच जन्मवर्षातली काही मुलं नववीत जाऊन हायस्कूलच्या संघात खेळायला लागायची, आणि आठवीत राहिलेल्यांना पावसाळ्यानंतरच्या त्या हंगामात क्लबचा संघच उरायचा नाही. ती अडचण आता बरीच सुटेल. पण त्यासोबत एक झाकलेली गोष्टही उघडी पडली. वर्षानुवर्षं पहिल्या संघात जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांची गर्दी असायची, आणि त्यांना "उपजत खेळाडू" म्हटलं जायचं. आता गटातली थोराड मुलं ऑगस्ट-सप्टेंबरची. दहा वर्षांच्या पोरात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे त्याच्या आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा. तेवढ्यात उंची, वजन, धाव, धिटाई सगळंच बदलतं. कॅनडातल्या आइस हॉकीत संशोधकांनी हे १९८० च्या दशकातच दाखवून दिलं होतं. तरी निवड करणाऱ्यांच्या कागदावर जन्मतारखेचा रकाना आजही क्वचितच दिसतो.

निवड चाचणी, इथल्या भाषेत ट्रायआउट, बऱ्याच राज्यांत आखाजीनंतर मे-जूनमध्ये होते. चांगल्या क्लबात ती दोन किंवा तीन संध्याकाळी चालते. मुलाला नंबराचं बनियन मिळतं आणि गुण देणाऱ्याला फक्त नंबर माहीत असतो. निदान नियम तरी तसा असतो. गेल्या वर्षीचा प्रशिक्षक आपल्याच मुलांना गुण देत असेल तर तो कागद वेगळा ठेवावा लागतो, कारण तो समोरचा खेळ बघत नाही, वर्षभराची आठवण बघतो. गोलकीपर वेगळे तपासतात. नऊ-दहा वर्षांची मुलं सात विरुद्ध सात खेळतात, अकरा-बारांची नऊ विरुद्ध नऊ, तेराव्या वर्षापासून अकरा विरुद्ध अकरा. म्हणून सातच्या संघात १० ते १२ मुलं घेतात आणि नऊच्या संघात १४-१६. त्याहून जास्त घेतली की शेवटच्या चौघांना खेळायलाच मिळत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती कोनांच्या, म्हणजे मैदानावर ठेवलेल्या शंकूंच्या, रांगेत. चेंडू घेऊन कोनांमधून वळणं, वीस मीटर धावणं, भिंतीवर पास मारणं. हे मोजायला सोपं, म्हणून आवडतं. पण कोन अंगावर येत नाही आणि चेंडू हिसकावत नाही. सरावाने सफाईदार झालेलं मूल तिथे पुढे जातं आणि सामन्यात चेंडू आला की थबकतं. जाणकार लोक रांगा दहा मिनिटांत उरकून लहान सामने लावतात, चार विरुद्ध चार, साधारण ३० बाय २० मीटरच्या चौकोनात. तिथे प्रत्येकाला मिनिटाला एक-दोनदा चेंडू मिळतो. कोणी लपू शकत नाही.

बघायचं काय, ते जरा जवळून सांगतो. पास निघाला आहे, चेंडू अजून वाटेत आहे. त्या क्षणी चेंडूकडे बघू नका, घेणाऱ्या मुलाच्या मानेकडे बघा. चेंडू पोचायच्या आत त्याने एकदा खांद्यावरून मागे बघितलं का? बघितलं असेल तर त्याचा पहिला स्पर्श चेंडूला मोकळ्या बाजूला नेतो, पायाखाली थांबवत नाही. मग चेंडू गेल्यावर बघा. चेंडू गमावला म्हणून कमरेवर हात ठेवून उभा राहतो, की पुढची पाच पावलं मागे पळतो? या दोन गोष्टींना उंची लागत नाही आणि जन्माचा महिना लागत नाही. १ ते ५ गुणांच्या कागदावर या दोघांना स्वतंत्र रकाना द्या, वेगाला एकच द्या.

गुण देताना दुसरी अडचण म्हणजे तिनांचा ढीग. दमलेला परीक्षक सगळ्यांना तीन देतो, मग यादी लावताच येत नाही. उपाय साधा आहे: एका परीक्षकाकडे सहा-आठच मुलं द्यायची, पहिली दहा मिनिटं पेन उचलायचं नाही, आणि शेवटी प्रत्येकाने आपल्या मुलांचे वरचे, मधले, खालचे असे तीन वाटे करायचेच. पहिली पाच आणि शेवटची पाच मुलं वीस मिनिटांत कळतात. त्यांच्यावर वेळ घालवू नये. भांडण असतं नवव्या ते सोळाव्या नंबरात. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना बारा मिनिटं वरच्या गटात आणि बारा मिनिटं खालच्या गटात खेळवायचं. वरच्या गटात गेल्यावर काही मुलं गप्प होतात आणि काहींचा खेळ अचानक सुधारतो, कारण पहिल्यांदाच योग्य वेळी पास मिळतो.

आता उंचीचं. मुलींची वाढ सगळ्यात जोरात साधारण बाराव्या वर्षी होते, मुलांची चौदाव्या वर्षी, आणि दोन्हींत एखाद-दोन वर्षं मागेपुढे असणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे तेराव्या वर्षीच्या एकाच संघात एक मिसरूड फुटलेला आणि एक पाचवीतला वाटावा असा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी म्हणून वयाऐवजी वाढीच्या टप्प्यावर गट पाडून सामने खेळवून बघितले. मुलाचं वय, उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून त्याची मोठेपणीची उंची अंदाजता येते. खॅमिस आणि रोश या संशोधकांची ती पद्धत १९९४ ची आहे. आजची उंची त्या अंदाजाच्या किती टक्के भरली, यावरून टप्पा कळतो.

इथलं सगळंच गोड मानू नये. स्पर्धात्मक क्लबाची फी वर्षाला हजारो डॉलरच्या घरात जाते, प्रवास आणि हॉटेल वेगळं. ज्याच्याकडे पैसा नाही त्याचा पोरगा चाचणीलाच येत नाही, मग निवड कितीही काटेकोर असो. गावाकडून लोक विचारतात, पोराच्या खेळापायी एवढा पैसा कशाला? त्यांचा प्रश्न खोटा नाही. पण त्या पैशात तीन परीक्षक, दोन दिवस आणि लेखी अभिप्राय मिळतो, हेही खरं. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत पोरं फुकट खेळतात, अनवाणी, आणि रस्त्यावर शिकलेली ती चपळाई इथल्या पैसेवाल्या पोरांत शोधूनही सापडत नाही. आपली पोरं कुठेच कमी नाहीत. कमी पडते ती निवड.

आपल्याकडे वयाची रेघ अजून १ जानेवारीचीच आहे. वडीलधाऱ्यांच्या पिढीत गुरुजींनी दाखल्यावर सरसकट १ जून टाकली, ते सोडून द्या. आताच्या पोरांचे जन्मदाखले खरे असतात, त्यातला महिना उचलून कागदावर लिहा. क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांत ३० मीटर धावणं, शटल रन, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर असं असतं. कुठल्याही खेळाचा कच्चा माल ओळखायला ते ठीक आहे. शाळेचा फुटबॉल संघ त्यावर निवडला तर फक्त थोराड मुलं मिळतील.

आणि वेळ. आपल्या शाळांची निवड बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये उरकतात. काळ्या मातीचा चिखल, त्यात चेंडू रुतलेला, मग ज्याच्या मांडीत जोर त्याचीच वाहवा. मे महिन्यात माती भेगाळलेली आणि ४४ अंशांचं ऊन, तेव्हाही नको. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसातला मैदान कोरडं आणि चेंडू घरंगळणारा असतो. २४ मुलं असतील तर चुन्याने तीन चौकोन आखा, दोन विटांमध्ये दोन मीटरचा गोल, कीपर नको. आठ मिनिटांचे पाच डाव, प्रत्येक डावाला चौघांचे संघ बदलून. जिंकलेल्या चौघांना प्रत्येकी तीन गुण, बरोबरीला एक, शिवाय संघाचे गोल. पाच डावांत जोडीदार बदलत राहतात, म्हणून एखाद्याच्या पाठीवर बसून कोणी वर येत नाही. सव्वा तासात परीक्षकाच्या कागदाशेजारी ताडून बघायला दुसरी यादी तयार. दोन्ही याद्यांत ज्याचा नंबर फार वेगळा आला, त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवा.

न निवडलेल्यांची नावं फळ्यावर लावू नका, आणि त्यांचे कागद रद्दीत घालू नका. सहा महिन्यांनी सगळ्यांची उंची परत मोजा. ज्याची तेवढ्यात ४ सेंटिमीटरहून जास्त वाढली आहे, त्याचे पाय बऱ्याचदा त्याच्या ताब्यात नसतात, कधीकधी गुडघ्याखालचं हाडही दुखतं. त्या महिन्यांतले त्याचे गुण कंसात लिहा.