‘बेड आहे का?’ या प्रश्नाच्या पोटात

९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले दोन कोरोनाबाधित पुण्यात सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर काही आठवडे सगळं शहर एकच आकडा बघत होतं, आज किती वाढले. जून-जुलैपर्यंत तो आकडा मागे पडला आणि घराघरांतून एकच विचारणा सुरू झाली: बेड आहे का? विभागीय आयुक्तालयाच्या डॅशबोर्डवर बेड रिकामे दिसायचे, फोन केला की ‘नाही’ ऐकू यायचं. लोकांना वाटायचं, बेड लपवून ठेवलेत. काही ठिकाणी तसं झालंही असेल. पण बहुतेक वेळा डॅशबोर्डही खरा असायचा आणि फोनवरचा माणूसही खरं बोलत असायचा. हे कसं, ते रुग्णालयाच्या आतून बघितल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात वॉर्डपासून करू. सहा खाटांच्या खोलीत दोन खाटांमध्ये अंतर ठेवायचं म्हटलं की तिथे चारच बसतात. म्हणजे शंभर खाटांचं रुग्णालय पहिल्याच दिवशी सत्तरच्या आसपास येतं. मग पुरुषांचा वॉर्ड वेगळा, बायकांचा वेगळा. पुरुष वॉर्डात तीन खाटा रिकाम्या असल्या तरी दारात आलेल्या आजींना त्यातली एकही देता येत नाही, डॅशबोर्डवर मात्र ‘३ उपलब्ध’ दिसतं. डायलिसिसवरचा रुग्ण असेल तर खाटेजवळ आरओच्या, म्हणजे खास शुद्ध केलेल्या पाण्याचा पॉइंट लागतो. बाळंतीण असेल तर शेजारी प्रसूतिगृह लागतं.

सगळ्यात मोठी अडचण संशयितांची. ज्याचा रिपोर्ट आलेला नाही त्याला पॉझिटिव्ह वॉर्डात टाकता येत नाही, कारण तो निगेटिव्ह निघाला तर आपणच त्याला आजार दिल्यासारखं होतं. साध्या वॉर्डातही ठेवता येत नाही. त्याला स्वतंत्र खोली हवी, आणि स्वतंत्र खोल्या प्रत्येक रुग्णालयात मोजक्याच. आरटी-पीसीआरची चाचणी प्रत्यक्षात काही तासांची, पण नमुना घेणं, पोचवणं, प्रयोगशाळेत नंबर लागणं आणि पोर्टलवर नोंद होणं यात दिवस-दीड दिवस सहज जायचा. पुण्याच्या ‘मायलॅब’ कंपनीच्या चाचणी किटला मार्चअखेर मान्यता मिळाली तरी रांग लगेच संपली नाही, किट आलं म्हणून मशीन आणि ते चालवणारे हात वाढत नाहीत. पहिल्या तीन-चार महिन्यांत पॉझिटिव्ह बेडपेक्षा ‘सस्पेक्ट’ बेड मिळणं अवघड होतं, ते यामुळे.

आता माणसं. आयसीयूत दोन रुग्णांमागे एक सिस्टर हे किमान. व्हेंटिलेटरवर असेल तर एकास एक. दहा खाटांच्या आयसीयूला एका पाळीत पाच सिस्टर धरा. पीपीई किट घालून सहा तासांच्या वर काम होत नाही, कारण आत पाणी पिता येत नाही, बाथरूमला जाता येत नाही आणि चष्म्यावर वाफ धरल्यावर शीर सापडत नाही. म्हणजे दिवसाच्या चार पाळ्या, वीस सिस्टर. त्यावर साप्ताहिक सुट्टी, ड्युटीनंतरचं विलगीकरण आणि स्वतः आजारी पडणाऱ्या. हिशोब तीसच्या घरात जातो. आणि हे फक्त सिस्टर. बेडपॅन देणाऱ्या मावशी, ऑक्सिजन सिलेंडर ढकलणारे मामा, भूलतज्ज्ञ, एक्स-रे टेक्निशियन यांपैकी कोणीही नसलं तर ती खाट फक्त खाट राहते. सीओईपी या पुण्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजच्या मैदानावर ऑगस्ट २०२० मध्ये ८०० खाटांचं जम्बो रुग्णालय काही आठवड्यांत उभं राहिलं. मंडप, पार्टिशन, पाइपलाइन पैसे टाकले की होतात. जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम मात्र तीन वर्षांचा असतो, आणि नुकती पास झालेली सिस्टर दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर सांभाळू शकत नाही. व्हेंटिलेटर किती आले याच्या बातम्या रोज छापून यायच्या. ते चालवणारे किती, हे विचारायला हवं होतं.

ऑक्सिजनचा हिशोब लोकांना अवघड वाटतो, पण तो सरळ गुणाकार-भागाकार आहे. मोठा जम्बो सिलेंडर, ज्याला डी टाइप म्हणतात, त्यात साधारण ७ घनमीटर म्हणजे ७,००० लिटर वायू असतो. रुग्णाला नाकातल्या नळीने मिनिटाला ५ लिटर लागत असेल तर तो १,४०० मिनिटं, म्हणजे तेवीस तास चालतो. पिशवीवाला मास्क लावून १५ लिटर दिला की आठ तासही पुरत नाही. नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या हाय-फ्लो मशीनवर मिनिटाला ६० लिटर शुद्ध ऑक्सिजन गेला तर दोन तासांच्या आत सिलेंडर रिकामा. म्हणून हाय-फ्लो सिलेंडरवर चालवायचं नसतं, त्याला द्रवरूप ऑक्सिजनची टाकीच हवी.

टाकी असली की चिंता मिटली, असंही नाही. एक लिटर द्रव ऑक्सिजनचा साधारण ८६० लिटर वायू होतो. ६,००० लिटरची टाकी म्हणजे पन्नास लाख लिटरच्या वर वायू. साठ रुग्णांना १० लिटरने दिला तर ती जवळपास सहा दिवस जाते. त्यात आणखी वीस रुग्ण ५० लिटरच्या हाय-फ्लोवर आले की मिनिटाचा खप ६०० वरून १,६०० लिटर होतो आणि टाकी सव्वादोन दिवसांत तळाला जाते. चाकणहून टँकर यायला वेळ किती, तो आधी कुठे रिकामा होणार, ड्रायव्हर दुसरा आहे का, हे सगळं त्या सव्वादोन दिवसांत बसवायचं.

खरी गंमत पुढेच आहे. टाकी भरलेली असूनही शेवटच्या खाटेपर्यंत दाब पोचत नाही. वॉर्डातली पाइपलाइन घालताना गृहीत धरलेलं असतं की एका वेळी थोड्याच रुग्णांना ऑक्सिजन लागेल. सगळ्यांनी एकदम घेतला की सकाळी सातला सोसायटीत सगळे नळ सुटल्यावर वरच्या मजल्याचं जे होतं, तेच इथे होतं. पाइपमध्ये साधारण ४ बार दाब असावा लागतो. तो उतरला की आधी व्हेंटिलेटर ओरडायला लागतात. दुसरं ठिकाण म्हणजे टाकीबाहेरचा व्हेपोरायझर, ज्यात द्रवाचा वायू होतो. खप वाढला की त्याच्या पात्यांवर बर्फाचा जाड थर चढतो, पावसाळी दमट हवेत तर फारच. मग बाहेरची उष्णता आत पोचत नाही आणि वायू कमी बनतो. त्यावर पाइप लावून साधं पाणी मारत बसणारा माणूस रात्रभर लागतो. रुग्णालयाने ‘ऑक्सिजन बेड शिल्लक आहे, पण जास्त फ्लोचा रुग्ण घेऊ शकत नाही’ असं सांगितलं तर त्यामागे बहुधा हे असतं.

आणि बेड रिकामा होण्याचा वेग. भरलेल्या खाटा म्हणजे रोजची भरती गुणिले सरासरी मुक्काम. रोज २५ रुग्ण आले आणि प्रत्येक जण १४ दिवस राहिला तर ३५० खाटा लागतात. मुक्काम १० दिवसांवर आला तर २५०. एकही खाट विकत न घेता शंभर मोकळ्या! सुरुवातीला नेमका हाच भाग अडला होता. लक्षणं नसलेल्यांनाही दाखल करत होते, आणि घरी सोडायला लागोपाठ दोन चाचण्या निगेटिव्ह लागायच्या. माणूस ठणठणीत, जेवतोय, फोनवर बोलतोय, पण दुसरा रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणून अडकलेला. ८ मे २०२० ला केंद्राने नियम बदलला: सौम्य रुग्णाला लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर चाचणीशिवाय घरी. अनेकांना तो निष्काळजीपणा वाटला. माझ्या मते त्या काळातला खाटा वाढवणारा सगळ्यात मोठा निर्णय तोच.

सौम्य रुग्णांना घरी ठेवायची परवानगीही एप्रिलअखेर आली, पण ती ज्यांच्या घरात वेगळी खोली आणि वेगळं संडास-बाथरूम आहे त्यांच्यासाठी. कोथरूडच्या टू बीएचकेत हे जमतं. भवानी पेठेत, ताडीवाला रोडला, जिथे दहा घरांत एक संडास, तिथे कोविड केअर सेंटर हाच पर्याय होता. कॉलेजांची हॉस्टेलं, बालेवाडीचं क्रीडासंकुल ही ठिकाणं त्यासाठीच घेतली. तिथे ऑक्सिजनची सोय जेमतेम असायची, त्यामुळे तिथल्या रिकाम्या खाटा बघून ‘शहरात हजारो बेड पडून आहेत’ म्हणण्यात अर्थ नव्हता.

फोन करताना म्हणून ‘बेड आहे का’ एवढंच विचारू नये. एका दमात सांगायचं: वय, बाई की पुरुष, रिपोर्ट आलाय की नाही, बसल्या जागी सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण किती, ऑक्सिजन लावल्यावर किती, मिनिटाला किती लिटर चालू आहे, डायबेटिस-डायलिसिस-गरोदरपण यांपैकी काही. समोरचा अर्ध्या मिनिटात हो-नाही सांगू शकतो. वेळही महत्त्वाची. सकाळी अकराला राउंड चालू असतो. डिस्चार्ज लिहिला जातो, मग औषधांचा परतावा, बिल, विमा असेल तर टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने बिल तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी. माणूस प्रत्यक्ष उठतो दुपारी तीन-चारला. त्यानंतर एक टक्का हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने खाट, लॉकर, रेलिंग पुसून, चादर-गादीचं कव्हर बदलून पुढचा रुग्ण घ्यायला आणखी दोनेक तास. सकाळी ‘नाही’ म्हणालेल्या ठिकाणी संध्याकाळी सहानंतर पुन्हा फोन करावा.

पैशांचं थोडक्यात. मे २०२० मध्ये राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले: साध्या विलगीकरण वॉर्डाला दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पीपीई, सीटी स्कॅन आणि महागडी इंजेक्शनं त्यात धरलेली नव्हती, बिल फुगायचं ते तिथेच. बिलात पीपीईचे किती पैसे लावलेत ते बघताना एक लक्षात ठेवायचं: सिस्टर एका किटमध्ये पाळीभर चार-सहा रुग्ण बघते. प्रत्येकाच्या बिलात पूर्ण किट लागली असेल तर विचारायचा हक्क आहे.

घरातल्या काळज्यांपैकी बऱ्याच फुकटच्या होत्या. भाजी साबणाने धुऊ नये, वाहतं पाणी पुरतं. पेपर आणि दुधाच्या पिशवीपेक्षा ती घेऊन झाल्यावर हात धुणं महत्त्वाचं. हायपोक्लोराइट माणसांच्या अंगावर फवारू नये. फरशीसाठी बाजारातलं पाच टक्क्यांचं द्रावण एक भाग, पाणी चार भाग. ते टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळलं तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, आणि त्याने येणारा खोकला कोरोनाचा वाटून माणूस घाबरतो. ज्या काळजीत वेळ घालवायला हवा होता ती म्हणजे ऑक्सिमीटर.

यंत्र साधं, चुका ठरलेल्या. पाच मिनिटं बसून, हात गरम करून, नेलपेंट-मेंदी नसलेल्या बोटाला लावायचं आणि आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा मिनिट थांबायचं. पहिला आकडा लिहून काढायचा नाही. पडद्यावर दोन आकडे असतात, एक सॅच्युरेशन, दुसरा नाडीचा. नाडी ९८ आहे म्हणून निर्धास्त राहणारे खूप. तिसरी चूक सगळ्यात वाईट: यंत्र उलटं धरून वाचणं. चौकटी अंकांत ८६ उलटं केलं की चक्क ९८ दिसतं. आकड्याशेजारची अक्षरं सरळ दिसतायत ना, ते आधी बघा.

बसल्या जागी ९४ किंवा वर असेल तर सहा मिनिटं घरातल्या घरात नेहमीच्या चालीने चालायचं, यंत्र बोटावर ठेवून. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं. सॅच्युरेशन ९३ च्या खाली गेलं, सुरुवातीपेक्षा तीनहून जास्त अंकांनी उतरलं किंवा धाप लागली तर दाखल व्हायची तयारी. मुळातच ९४ च्या खाली असेल तर चालायचं नाही, थेट १०८. या आजारात फुप्फुसं बिघडली तरी माणूस गप्पा मारत चहा पीत बसलेला असू शकतो. ‘त्यांना काहीच त्रास नाहीये हो’ या वाक्यावर विसंबू नये.

घरी सिलेंडर आणलाच तर छोटा बी टाइप असतो, दीड घनमीटरचा. ५ लिटरने पाच तास. तो बेड मिळेपर्यंतची आणि प्रवासातली सोय, उपचार नव्हे. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी दोन खुणांच्या मध्ये, रोज बदलायचं. जवळ गॅस, निरांजन, सॅनिटायझर काही नको. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा कॉन्सन्ट्रेटर असेल तर तो विजेवर चालतो, आणि पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे धरून एक सिलेंडर बाजूला भरलेला हवा.

तेव्हा दाखल होताना नातेवाइकांना आत सोडत नसत, त्यामुळे पिशवी रुग्णाला एकट्याने हाताळता येईल एवढीच. आधार कार्ड, रिपोर्ट आणि विम्याच्या कार्डाच्या प्रती, रोजच्या गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटांत, चष्मा, कवळीची डबी नावासकट, श्रवणयंत्राचे सेल, लांब वायरचा चार्जर. आयसीयूत हलवलं की पिशवी वॉर्डातच राहते, म्हणून पिशवीवर रुग्णाचं नाव आणि घरच्या दोघांचे नंबर मार्करने लिहायचे, एका कागदावर तेच लिहून फोनच्या कव्हरमागेही ठेवायचा. दागिने, अगदी मंगळसूत्रही, घरी काढून ठेवायचं. सीटी स्कॅनच्या टेबलावर ते काढावं लागतं आणि तिथे सांभाळायला कोणी नसतं.