लेचुसा आणि माळवदातलं घुबड

मेक्सिकोच्या उत्तरेकडे, नुएवो लिओन, तामाउलिपास या राज्यांत आणि सीमेपलीकडे टेक्सासातही, लेचुसा नावाच्या चेटकिणीच्या गोष्टी सांगतात. दिवसा ती गावातलीच बाई, रात्री भलंमोठं घुबड. तोंड मात्र बाईचं. अंधारात ती तान्ह्या बाळासारखी रडते आणि पाहायला बाहेर येणाऱ्यावर झडप घालते, म्हणून दार उघडायचं नाही. उतारा काय, तर प्रार्थना म्हणत दोरीला सात गाठी मारायच्या. गाठीगणिक ती खाली येते म्हणतात. कुठे मीठ वापरतात, कुठे सणसणीत शिव्या देतात. काही गोष्टींत घुबडावर गोळी झाडली की सकाळी गावातली एखादी बाई जखमी सापडते. कथेतला सगळ्यात क्रूर भाग हाच. करणीचा आळ एकट्या म्हातारीवर कसा येतो, हे आपल्याकडेही ठाऊक आहे.

लेचुसाचा साचा गव्हाणी घुबडात दिसतो. बदामी आकाराचा पांढरा चेहरा, काळे डोळे, अंगावर काटा आणणारी किंकाळी. पंखाच्या पुढच्या पिसाची कड दातेरी असते, त्यामुळे उडताना आवाज जवळजवळ होत नाही. अंधारात नुसता चेहराच तरंगत आल्यासारखा वाटतो.

गव्हाणी घुबड आपल्याकडेही आहे. सोलापूरच्या जुन्या माळवदी, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, वाड्यांत, पडक्या बुरुजांत त्याला हवी तशी पोकळी मिळते आणि ज्वारीच्या कोठाराभोवती उंदीर. रात्री माळवदातून घोरल्यासारखा, फुसफुसल्यासारखा आवाज सतत येत असेल तर ती बहुधा भुकेली पिल्लं असतात. खाली काळपट, केसाळ गोळ्या पडल्यात का पाहा. घुबड उंदीर सहसा अख्खा गिळतं आणि हाडं-केस असे ओकून टाकतं.

धूर करू नका, भोकही बुजवू नका. आत पिल्लं उपाशी मरतात. अंडी एका दिवशी घातलेली नसतात आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवणी सुरू होते. त्यामुळे पिल्लं लहानमोठी असतात आणि खाणं कमी पडलं की धाकटं आधी जातं. कोठारात उंदराचं औषध टाकणंही थांबवा. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात गेला तर तेही दगावतं.

पिल्लू खाली पडलं तर दूध-पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. जाड कापडाने धरा, पंजे सांभाळा. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. अमावस्येला, विशेषतः दिवाळीच्या, कोणी घुबड विकत मागताना दिसला तरी हाच नंबर लावा. १९७२च्या वन्यजीव कायद्याने घुबड पकडणं-विकणं गुन्हा आहे.