अम्माच्या विडी कार्डावर माझं एम.ए.

सामाजिक शास्त्रं शिकणाऱ्यांना शिष्यवृत्ती नसते, असं आमच्या भागात सर्रास बोललं जातं. इंजिनिअरिंगला जा, नर्सिंगला जा, तिथं सरकार पैसे देतं, एम.ए. करून काय मिळणार? मी केगावला, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए. करतेय. आम्ही राहतो कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत. अम्मा विड्या वळते. मला मिळाली ती शिष्यवृत्ती माझ्या विषयावर नाही, अम्माच्या कामावर मिळाली. म्हणून ज्यांच्या घरात कुणी विड्या वळतं त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

आधी पैशाचं गणित. आमच्या एम.ए.ची फी इंजिनिअरिंगच्या मानानं फारच कमी. आमचा खरा भार रोजचा असतो. कुंभारी अक्कलकोट रोडला, केगाव पुणे रोडला, म्हणजे शहराची दोन टोकं. एसटीत २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याचा मोठा आधार आहे, तरी मध्ये गाडी बदलावी लागते, पुस्तकं लागतात, झेरॉक्स लागतात. आणि कुठल्याच फॉर्मवर ज्याचा रकाना नसतो तो खर्च वेगळाच: मी घरी बसून पान कातरलं असतं, सूप मांडीवर घेतलं असतं, तर हजारी मजुरी, म्हणजे हजार विड्यांमागं मिळणारी मजुरी, घरात आली असती. ती सोडून मी वर्गात बसते. त्यामुळं शिष्यवृत्ती शोधताना फी माफ होते का, यापेक्षा हातात काय येतं हे मी बघत होते.

माझ्यापुढं दोन वाटा होत्या. आम्ही पद्मशाली, विशेष मागास प्रवर्गात येतो, म्हणून महाडीबीटीवरची, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरची, दहावीनंतरच्या शिक्षणाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती होती. दुसरी केंद्राच्या कामगार मंत्रालयाची, विडी कामगारांच्या मुलांसाठीची. ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर भरतात. दोन्ही एकदम घेता येत नाहीत. मी कागदावर बेरीज मांडली आणि माझ्या बाबतीत ती विडी कामगारांच्या योजनेकडं झुकली. तुमची फी जास्त असेल तर उत्तर उलटं येईल, म्हणून दुसऱ्याचं बघून ठरवू नका, आपापली बेरीज करा.

या योजनेत साध्या पदवीला आणि एम.ए.सारख्या पदव्युत्तर शिक्षणाला वर्षाला ६,००० रुपये मिळतात. इंजिनिअरिंग, मेडिकल, एम.बी.ए.सारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना २५,०००. हा फरक मला मान्य नाही. फी वेगळी असेल, पण गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी दोघींची सारखीच असते. विडी कामगाराचं आयुष्य समजून घेणारी, त्यावर संशोधन करू शकणारी पोरगी ज्या विषयातून घडते, त्याच विषयाला सगळ्यात कमी रक्कम! तरीही सहा हजार सोडायचे नाहीत. आमच्या घरात ती रक्कम छोटी नाही.

अटी अशा: आई किंवा वडील निदान सहा महिने विडी कामावर असावेत, त्यांचं ओळखपत्र असावं, विडी कामगाराच्या कुटुंबाचं उत्पन्न महिन्याला १०,००० च्या आत असावं आणि मागची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास असावी. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि जूनमध्ये सेतूत मोठी रांग लागते, म्हणून तो एप्रिल-मेमध्येच काढून ठेवावा.

आमच्याकडं अडलं ते नावाशी. अम्माच्या विडी कार्डावर तिचं नाव एक, आधारवर दुसरं. आमच्या तेलुगू घरांत हे फार बायकांच्या बाबतीत होतं. माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, मागं ‘बाई’ लावलेलं किंवा न लावलेलं, ज्यानं लिहिलं त्यानं आपल्या कानाला आलं तसं लिहिलं. कारखान्यातल्या मुनीमकाकांनी जुनं रजिस्टर काढून दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं लिहून दिलं, पीएफचा कागद जोडला, तेव्हा ते सुटलं. अम्माला पीएफ नंबर आहे, म्हणून एवढ्यावर भागलं. ज्या बायका नावाशिवाय, दुसरीच्या कार्डावर माल देतात, त्यांच्या मुलांना ही योजना मिळूच शकत नाही. वर्षानुवर्षं वळलेल्या विड्या कागदावर कुठंच नसतात. मला याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

एनएसपीवर आधी वन टाइम रजिस्ट्रेशन करायचं, मग अर्ज. अर्ज आधी आपल्या संस्थेकडून तपासला जातो, मग कामगार कल्याण कार्यालयाकडून. काही कमी असेल तर ‘डिफेक्टिव्ह’ म्हणून परत येतो. घाबरायचं नाही, तो नाकारलेला नसतो. मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बँक. माझा अर्ज मंजूर दिसत होता आणि पैसे येत नव्हते. एका बँकेत विचारलं तर म्हणाले, आधार लिंक आहे, वाट बघा. मी वाट बघितली. मग आमच्या विभागातल्या एका ताईनं मायआधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघायला लावलं. तिथं भलत्याच बँकेचं नाव! घरकुलात कधीतरी कॅम्प लागला होता, तेव्हा उघडलेलं माझं जनधन खातं. खात्याला आधार जोडलेला असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले पैसे फिरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, नोंदीत ते खातं असणं वेगळं. लिंक कितीही खात्यांना असो, सरकारी पैसा त्या नोंदीतल्या एकाच खात्यात जातो. बँकेत जाऊन ‘आधार लिंक करा’ असं म्हणू नका, ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग करा’ असं म्हणा, संमतीचा फॉर्म भरा, पोच घ्या आणि नंतर स्वतः साइटवर तपासा. माझं तसं झाल्यावर पैसे आले. अम्मानं मोबाईलवरचा मेसेज शेजारच्या अक्काला वाचून दाखवायला लावला.

पुढं पीएच.डी. करायची आहे आणि तिथं मात्र विषयाला किंमत आहे. यूजीसी नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची कनिष्ठ फेलोशिप, मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये. आयसीएसएसआरची, म्हणजे १९६९ पासूनच्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, डॉक्टरल फेलोशिप महिना २०,०००. शिवाय फेलोशिप देणाऱ्या राज्याच्या संस्था आहेत: आमच्या प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, अनुसूचित जातीसाठी बार्टी, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी. नेटला अर्थशास्त्र, समाजशास्त्रच काय, श्रमकल्याण हासुद्धा विषय आहे, हे आमच्या भागात फार थोड्यांना माहीत आहे.

अडचण भाषेची आहे. नेटचा सामाजिक शास्त्रांचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो. महाराष्ट्राच्या सेट परीक्षेत आमच्यासारख्या विषयांना मराठी मिळते, पण सेटनं प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, फेलोशिप नाही. बी.ए.पर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीला पैसा देणारी परीक्षा मराठीत नाही. नेट मराठीतही व्हायला हवी, असं मला ठाम वाटतं. तोवर मी प्रत्येक संकल्पना तिन्ही भाषांत वहीत लिहून काढतेय: मराठीत समजून घ्यायची, हिंदीत ओळखायची, इंग्रजीत उत्तर शोधायचं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही, हेही तिथंच पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. संशोधनाचा विषय ठरलाय: घरबसल्या विड्या वळणाऱ्या, कुणाच्याच रजिस्टरमध्ये नाव नसलेल्या बायका. घरकुलात अशा कितीतरी जणी आहेत आणि त्या माझ्याशी तेलुगूत बोलतील.