सरळ पिसांच्या कोंबड्यात दडलेला फ्रिझल

फ्रिझल म्हणजे उलट्या वळलेल्या पिसांची कोंबडी. तिच्या पिल्लांची छाननी आम्ही दोनदा करतो. अंड्यातून निघालेल्या पिल्लाची लव पाहून काहीच कळत नाही. दहाव्या दिवसाच्या सुमारास पंखांची मोठी पिसं नळीतून बाहेर येतात आणि त्यांची टोकं वर, बाहेरच्या बाजूला वळायला लागतात. ती पहिली छाननी. दुसरी पाच आठवड्यांनी, अंगावर पिसं भरल्यावर. त्या दुसऱ्या छाननीत अशी पिल्लं हाती आली, जी त्या जोडीतून निघायलाच नको होती.

बाप लॅव्हेंडर, म्हणजे फिकट करड्या रंगाचा, आणि दिसायला सरळ पिसांचा. माद्या काळ्या, फ्रिझल, आणि प्रत्येकीत लॅव्हेंडर जीनची एक प्रत लपलेली. लॅव्हेंडर अप्रभावी, म्हणजे दोन प्रती असल्या तरच दिसणारा, त्यामुळे निम्मी पिल्लं लॅव्हेंडर आणि निम्मी काळी अपेक्षित. फ्रिझल जीनची एक प्रतही पीस वळवायला पुरते, म्हणून निम्मी वळलेली. दोन्ही जुळून चारात एक लॅव्हेंडर फ्रिझल, आणि सगळा खटाटोप त्याच्यासाठी. अशा खुराड्यात निळ्या रंगाचा पक्षी ठेवायचाच नाही. निळी आणि लॅव्हेंडर पिल्लं लहानपणी सहज एकमेकांत खपून जातात, आणि पुढच्या पिढीत हिशेबाचा पार विचका होतो.

रंगांचं प्रमाण ठीक होतं. पिसांचं नव्हतं. काही पिल्लांच्या पंखातल्या पिसांचा दांडा मुळापासूनच पिळलेला होता. पीस चिमटीत धरून हलकेच बोट फिरवलं की तंतू तुटून बोटाला लागायचे आणि मागे नुसती तार उरायची. मानेवर, खांद्यांवर कातडी उघडी. भावंडं ब्रूडरभर, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या जागेत सगळीकडे, हिंडत होती, ही मात्र दिव्याखाली गोळा झालेली.

पहिला संशय टोचाटोचीचा. पण टोचलेलं पीस मुळाशी तुटतं, रक्ताळलेली खुंटं दिसतात, आणि सुरुवात बहुधा शेपटीच्या बुडापासून होते. इथे दांडे तुटलेले नव्हते, तंतू गेले होते. दुसरा संशय लॅव्हेंडरवर, कारण त्या रंगाच्या अनेक वाणांत पिसं विरण्याचा दोष रंगाबरोबरच चालत येतो, विशेषतः शेपटीत. पण पिसं गेलेल्यांत काळी पिल्लंही होती. लॅव्हेंडर तिथेच सुटला.

उरलं एकच कारण: फ्रिझलच्या दोन प्रती. हा दोष केराटिन या प्रथिनाच्या केआरटी-७५ या जीनमधला आहे; त्यामुळे पिसाचा दांडाच सदोष बनतो. एका प्रतीत पीस देखणं वळतं, दोन प्रतींत ते टिकतच नाही. अंगाची ऊब निघून जाते, पक्षी जास्त खातो, हृदयावर ताण येऊन ते मोठं होतं. म्हणून फ्रिझलला जोडीदार नेहमी सरळ पिसांचाच द्यायचा. (रेशमी पिसांचं तसं नाही. तो जीन अप्रभावी, दोन प्रती असल्याशिवाय दिसतच नाही.)

माद्यांकडे एकेकच प्रत. मग दुसरी आली कुठून? पिल्लांच्या बोटांमधल्या पडद्याला निघाल्याबरोबर खुणेची छिद्रं पाडलेली होती, त्यामुळे खुराड्यांची सरमिसळ नव्हती. मादीच्या अंगात नराचं वीर्य दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. पण जोड लावण्याआधी माद्या तीन आठवडे वेगळ्या होत्या, म्हणजे जुन्या नराचाही प्रश्न नव्हता. बोट बापाकडेच जात होतं.

आनुवंशिकीतज्ज्ञ एफ. बी. हट यांनी १९३६ मध्ये फ्रिझलवर लगाम घालणाऱ्या एका अप्रभावी जीनचं वर्णन केलं होतं. त्याच्या दोन प्रती असल्या की एका प्रतीचा फ्रिझल जवळपास सरळ पिसांचा दिसतो. कोंबडा उजेडात धरून मानेची पिसं एकेक करून उचलली, तेव्हा दोन-चार पिसांची टोकं किंचित उलटी सापडली. लांबून ते कुणालाही दिसलं नसतं. दोन प्रतींच्या पक्ष्याला हा लगाम लागला तर तो साध्या फ्रिझलसारखा दिसू शकतो, आणि तो धोका मोठा, कारण असला पक्षी लोक हौसेनं पैदाशीला ठेवतात.

नुसत्या टोकांवरून निकाल देता येत नाही, चाचणी-जोड लावावी लागते. ज्या वाणात फ्रिझल कधीच आलेला नाही, अशा सरळ पिसांच्या माद्या घ्यायच्या. त्यांच्यातच फ्रिझल दडलेला असण्याची भीती राहत नाही; लगाम मात्र अशा वाणातही न दिसता असू शकतो. एकही पिल्लू वळलेलं निघालं तर नरात फ्रिझल आहे. सलग सात पिल्लं सरळ निघाली, तर माद्यांत लगाम नसल्यास एक प्रत असूनही तसं घडण्याची शक्यता १२८ त एक, आणि तेवढ्यावर मी नर मोकळा सोडतो. या कोंबड्याला तितकी वाट पाहावी लागली नाही, पहिल्याच घाण्यात वळलेली पिल्लं निघाली.

दोन प्रतींचा पक्षी सरळ पिसांच्या जोडीदाराला लावला तर सगळीच पिल्लं फ्रिझल निघतात, म्हणून काहीजण असे पक्षी मुद्दाम तयार करतात. मला ते पटत नाही. निम्मी फ्रिझल पिल्लं पुरेशी आहेत. पिसं गेलेल्या त्या पिल्लांसाठी दिवा बाकीच्यांचा बंद केल्यावरही चालू ठेवला, खाद्य वाढवलं, आणि पैदाशीतून ती बाद केली. त्या कोंबड्याची सरळ दिसणारी भावंडंही आता संशयित आहेत. त्यांच्यातला एकही नर चाचणी-जोडीशिवाय फ्रिझल माद्यांत जाणार नाही.