दोरोच्या खोऱ्यात एक दिवस: दोन किंता आणि मधे निवांत जेवण

पोर्तुगालमधल्या पोर्तोहून दोरो नदीच्या खोऱ्यात दिवसभराची वाइन-सहल ठरवताना लोक आधी विचारतात, किती किंता बघून होतील? किंता म्हणजे द्राक्षमळा, त्यातलं वाइन बनवायचं घर आणि मालकाचं राहतं घर, सगळं एकाच आवारात. उत्तर आहे दोन. तीनही बसवता येतात, पण तिसऱ्या ठिकाणी जीभ दमलेली असते आणि त्यापायी दुपारचं जेवण तासाभरात उरकावं लागतं. खासगी गाडी करण्याचा मोठा फायदा मला यातच दिसतो. तिसरं ठिकाण गाळायचं की नाही, हे आपल्या हातात राहतं.

हिशेब सोपा आहे. पोर्तो ते खोऱ्यातलं रेग्वा गाव हे अंतर सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे दीड तास. तिथून नदीकाठाने पिन्यांव गावापर्यंत अर्धा तास. जाऊन येऊन चार तास रस्त्यातच गेले. एका किंतेला पावणेदोन तास धरा, जेवणाला दोन, होडीला एक. साडेदहा तास झाले. मधली थोडी मोकळीक धरून सकाळी आठला निघालात तर रात्री आठ-सव्वाआठला परत. एवढ्यात तिसरी किंता कोंबली की पहिला बळी द्राक्षमळ्यातल्या फेरीचा जातो, आणि तीच तर बघण्यासारखी असते.

गाडी ठरवताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. भाडं गाडीमागे आहे की माणशी, टेस्टिंगचे आणि जेवणाचे पैसे त्यात धरलेत की वेगळे, आणि कंपनीची नोंद पोर्तुगालच्या पर्यटन खात्याच्या नोंदवहीत आहे का. स्वतः गाडी चालवण्याचा विचार मनातून काढून टाकावा. पोर्तुगालमध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे, नव्या परवान्याच्या आणि व्यावसायिक चालकांना तर ०.२. चार टेस्टिंगांतच ती ओलांडली जाते, आणि पुढचा रस्ता वळणांचा आहे.

पोर्तोहून ए ४ महामार्गाने पूर्वेकडे निघालं की आमारांतेपर्यंत सगळा हिरवा, दमट मुलूख लागतो. हा विन्यो व्हेर्दे या हलक्या, ताज्या वाइनचा भाग. मग मारांव डोंगर आडवा येतो. २०१६ साली खुला झालेला त्याच्या पोटातला बोगदा साडेपाच किलोमीटरहून लांब आहे. (या बोगद्याचा आणि पुढच्या ए २४ चा टोल १ जानेवारी २०२५ पासून रद्द झाला आहे, आमारांतेपर्यंतचा मात्र भरावा लागतो.) बोगद्यातून पलीकडे निघालो की हवा बदलल्याचं काचेतूनही कळतं. सुमारे १४०० मीटर उंचीचा हा डोंगर अटलांटिकवरून येणारे पावसाचे ढग अडवतो. म्हणून रेग्वाच्या आसपास पाऊस बरा, पिन्यांवकडे कमी आणि स्पेनच्या सीमेकडे तर अगदी तुटपुंजा. इथले लोक म्हणतात, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा मळ्यातली फेरी सकाळी अकराच्या आत आटपलेली बरी.

व्हिला रियालवरून खाली रेग्वाला उतरायचं, पूल ओलांडून दक्षिण काठावर जायचं आणि एन २२२ धरायचा. रेग्वा ते पिन्यांव २७ किलोमीटर आणि ९३ वळणं. जाताना नदी डाव्या हाताला असते, म्हणून चालकाच्या मागची खिडकी पकडावी. गाडी लागत असेल त्यांनी उपाशीपोटी निघू नये. पोर्तोत पाव-चीज खाऊन निघावं आणि या रस्त्यावर मोबाइलमध्ये डोकं घालू नये.

पहिली किंता साडेदहाची. बुकिंग करतानाच सांगून ठेवायचं की आधी मळा, मग तळघर. बऱ्याच ठिकाणी थेट पिंपांच्या खोलीत नेतात आणि मळा गच्चीवरून दाखवतात. खासगी सहलीत विनंती मान्य होते, फक्त ती आधी कळवावी लागते.

मळ्यात पहिल्यांदा खाली बघावं. पायाखाली माती जवळजवळ नाहीच, शिस्ट दगडाचे पापुद्रे आहेत, उभ्या रचून ठेवलेल्या पाट्यांसारखे. फटी उभ्या असल्यामुळे हिवाळ्यातला पाऊस खोल मुरतो आणि त्याच फटींतून मुळं पाण्याच्या मागे कित्येक मीटर खाली जातात. त्यामुळेच जुन्या वेली तो कोरडा उन्हाळा काढतात. हाच दगड दिवसभर तापतो आणि रात्री ऊब सोडतो. एक पापुद्रा उचलून बोटांनी दाबला तर चुरा होतो. मळा करायचा म्हणजे आधी हा दगड फोडायचा. त्यातून निघालेल्या दगडांचीच बांधाची भिंत रचायची, चुना-सिमेंट काही न वापरता.

समोरच्या डोंगरावर नजर टाकली की वेगवेगळ्या काळातले बांध वाचता येतात. अरुंद पायऱ्या आणि दगडी भिंती असलेले ते सर्वांत जुने. भिंत नसलेले, मातीच्या उताराचे रुंद टप्पे हे १९७० नंतर बुलडोझरने काढलेले. आणि ओळी डोंगरावर सरळ उभ्या चढत गेल्या असतील तर ती नवी लागवड, जिथे उतार फार तीव्र नाही तिथलीच. मधेच काही पायऱ्यांवर नुसती झुडपं माजलेली किंवा ऑलिव्हची झाडं दिसतात. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या मुळांतला रस शोषणाऱ्या किडीने हे मळे मेले, ते पुन्हा कुणी लावले नाहीत. बाकीचे अमेरिकन खुंटावर कलम करून वाचवले. युनेस्कोने २००१ मध्ये या खोऱ्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो माणसांनी हातांनी घडवलेल्या या डोंगरांना आहे. वाइनच्या प्रदेशाची हद्द इथे पोर्तुगालचा तेव्हाचा बलाढ्य मंत्री मार्केस द पोम्बाल याने १७५६ मध्ये आखायला घेतली आणि ती दाखवायला ग्रॅनाइटचे ३३५ खांब रोवले गेले. काही खांब अजून मळ्यांत उभे आहेत. वाटेत कुठे असेल तर चालकाला थांबायला सांगावं.

जुन्या मळ्यात एकाच ओळीत वीस-तीस जातींच्या वेली मिसळलेल्या असू शकतात. नव्या लागवडीत जाती वेगळ्या असतात: तोरिगा नासियोनाल, तोरिगा फ्रांका, तिंता रोरिज, तिंता बारोका. मिश्र मळ्यातले सगळे घड एकदमच तोडतात, त्यामुळे काही जास्त पिकलेले, काही जरा कच्चे येतात. कच्च्यांची आंबट धार त्या वाइनला ताजेपणा देते. मला इथल्या साध्या लाल वाइनांमध्ये अशाच मळ्यांतल्या सर्वांत आवडतात.

मग लागार बघायचा. लागार म्हणजे ग्रॅनाइटचा उथळ चौकोनी हौद, गुडघा-मांडीभर खोल. पोर्टसाठी, म्हणजे इथल्या गोड, कडक वाइनसाठी, द्राक्षं इथे पायांनी तुडवतात, आणि ते केवळ परंपरा म्हणून नाही. पोर्टचं आंबवणं दोन-तीन दिवसांतच थांबवतात, म्हणजे सालीतला रंग आणि तुरटपणा उतरायला वेळ फारच थोडा मिळतो. पाय साल नीट चिरडतो पण बी फोडत नाही. बी फुटली तर कडवटपणा उतरतो. पहिले दोन तास सगळे ओळीत, खांद्याला खांदा लावून, एका ठेक्यात पावलं टाकतात. त्यानंतर मोकळं नाचायला परवानगी. आता पुष्कळ ठिकाणी हेच काम यांत्रिक पाय करतात.

द्राक्षातली साधारण निम्मी साखर उरली असताना रस काढून त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं मद्य मिसळतात. ठोकळ प्रमाण ४३५ लिटर रसाला ११५ लिटर मद्य, मिळून ५५० लिटरचं एक पिंप. यीस्ट मरतं, साखर राहते आणि वाइन वीस टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. सगळी कसोटी वेळेची आहे. उष्ण दिवसांत आंबवणं इतकं भरभर पळतं की मद्य मिसळायला काही तास उशीर झाला तरी हवी ती गोडी हातची जाते. म्हणून त्या दिवसांत रसातली साखर मोजणारा माणूस रात्रीही हौदाजवळच असतो.

टेस्टिंगचा क्रम मात्र आपण आग्रहाने पाळून घ्यावा. कोरडी पांढरी, मग कोरडी लाल, त्यानंतर पोर्ट. पोर्टमध्ये लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम साखर असते. ती एकदा जिभेवर बसली की नंतरची चांगली कोरडी वाइनही आंबट आणि पाणचट लागते. म्हणून मी पहिली किंता कोरड्या वाइनची निवडतो आणि पोर्टची जेवणानंतर. थुंकायचं भांडं मागायला लाजू नये. पन्नास मिलिलिटरचे चार पोर्ट म्हणजे ३२ ग्रॅम अल्कोहोल, साध्या वाइनच्या सुमारे तीनशे मिलिलिटरइतकं, आणि गोडीमुळे ते जाणवत नाही.

जेवणासाठी एकची वेळ धरावी. अडीच-तीनला स्वयंपाकघरं बंद होतात, आणि वाटेत ठिकाणं मोजकीच. फोल्गोझाला एन २२२ वर नदीलगत शेफ रुई पाउलांचं 'डॉक' आहे, रेग्वाला स्टेशनच्या जुन्या गोदामात 'काश्ताज इ प्रातुश'. साध्या खानावळीत खाल्लं तरी उत्तमच. टेबलावर न मागता आलेला पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतं. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर हात न लावता परत करावं. पण फाव्हायुशचा चार टोकांचा पाव आणि डोंगरापलीकडच्या त्राझ-उज-मोंतिशचं ऑलिव्ह तेल आलं असेल तर परत करू नये. तेल बशीत ओतून नुसतंच चाखावं. गवतासारखा वास आणि घशात मिरपुडीसारखी चुणचुण आली तर ते ताजं.

मुख्य पदार्थांत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं करडू आणि त्याच भट्टीतला भात. कुरकुरीत झालेली कड मागून घ्यावी. आल्येरा हा पाव आणि कोंबडीच्या मांसाचा लसूण घातलेला सॉसेज. डुकराचं मांस न खाणाऱ्या ज्यूंनी धर्मपीठाच्या नजरेतून वाचण्यासाठी तो काढला असं सांगतात, पण आज बऱ्याच आल्येरांत डुकराचं मांस असतं, विचारूनच घ्यावा. शाकाहाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच स्पष्ट लिहावं, कारण हिरव्या सूपमध्ये सॉसेजचा तुकडा आणि लामेगोच्या 'बोला' नावाच्या भरलेल्या पावात हॅम असतं. 'मांस नको' एवढंच म्हटलं तर मासे येतात. अंडी, चीज, भट्टीतले ठेचलेले बटाटे, टोमॅटो-भात हे चालतं म्हणून नावं घेऊन सांगितलं की ताट नीट येतं.

जेवणानंतर तासाभराची होडी घ्यावी, पिन्यांवच्या धक्क्यावरून वरच्या अंगाला तुआच्या दिशेने. या टप्प्यात धरणाचं कुलूपद्वार (पाणी भरून-सोडून होडी वर-खाली करणारा बंद हौद) लागत नाही, त्यामुळे ताटकळावं लागत नाही. पोर्तोहून होडीनेच वर यायचा बेत एका दिवसाच्या सहलीत करू नये. रेग्वापर्यंतच दोन कुलूपद्वारं आहेत, काऱ्हापातेलोचं तर ३५ मीटर उंचीचं, आणि बहुतेक दिवस त्यातच जातो. आज तलावासारखी शांत दिसणारी ही नदी धरणांपूर्वी खडक आणि भोवऱ्यांची होती. पिंपं लादलेल्या सपाट तळाच्या राबेलो होड्या याच पाण्यातून पोर्तोसमोरच्या गाइयाला जात. वाइनच्या व्यापारातला मोठा माणूस जोसेफ फॉरेस्टर १८६१ मध्ये व्हालेइराच्या धबधब्यात बुडाला. धक्क्यापासून दोन मिनिटांवर पिन्यांवचं स्टेशन आहे. त्याच्या भिंतींवरच्या निळ्या टाइलांच्या २४ चित्रांत द्राक्षतोडणीपासून राबेलोपर्यंत सगळं काम दिसतं.

दुसरी किंता साडेचारची. इथे एक तरुण, लालगडद पोर्ट आणि एक टॉनी शेजारी शेजारी मागावी. पहिली मोठ्या टाकीत किंवा बाटलीत हवेपासून जपलेली, म्हणून फळाची. टॉनी लहान पिंपांत वर्षानुवर्षं हवा खात मुरलेली, म्हणून रंग तांबूस आणि चव अक्रोड, सुकं अंजीर, संत्र्याच्या सालीची. 'वीस वर्षं' लिहिलेली टॉनी वेगवेगळ्या वर्षांचं मिश्रण असते. एकाच वर्षाची, किमान सात वर्षं पिंपात ठेवलेली हवी तर 'कोल्येता' मागावी. पिंपं खोऱ्यात कमी दिसली तर नवल नाही. इथल्या उष्णतेत वाइन लवकर म्हातारी होते, म्हणून ती समुद्राजवळच्या थंड गाइयात मुरवायची रीत पडली. १९८६ पर्यंत तर निर्यात तिथूनच करण्याचं बंधन होतं.

तोडणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. तेव्हा खोरं जिवंत असतं, पण रस्त्यावर ट्रॅक्टर, किंत्यांमध्ये गर्दी आणि वाइन बनवणाऱ्यांना बोलायला फुरसत नाही. तुडवणं बहुधा संध्याकाळनंतर होतं, म्हणजे दिवसाच्या सहलीत ते हुकतंच. त्यासाठी एक मुक्काम करावा. नुसती सहल असेल तर माझी पसंती मे महिन्याला, किंवा पानं तांबडी होतात त्या ऑक्टोबरअखेरीला.

बाटल्या आणायच्या तर भारतात माणशी दोन लिटर मद्य विनाशुल्क चालतं. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन आणि एक अर्धी बाटली. त्या चेक-इनच्या बॅगेतच जातात, कपड्यांत गुंडाळून मधोमध ठेवाव्यात. बूच बघून घ्यावं. प्लास्टिकची टोपी असलेलं, हाताने उपसायचं बूच म्हणजे वाइन गाळलेली, प्यायला तयार, बाटली उभी ठेवायची. लांब, पूर्ण आत बसवलेलं बूच असलेली व्हिंटेज (एकाच सालची, बाटलीत मुरणारी पोर्ट) आडवी ठेवायची आणि उघडताना गाळ खाली बसवून ओतायची. उघडलेली व्हिंटेज दोन-तीन दिवसांत संपवावी. टॉनी फ्रिजमध्ये काही आठवडे छान राहते.